चरबीतलं एक हार्मोन रक्तवाहिन्यांना कसं सांभाळतं?

टाइप २ मधुमेहाचं निदान झालं की सगळ्यांचं लक्ष साखरेच्या आकड्यावर खिळतं. उपाशीपोटी किती, जेवणानंतर किती, तीन महिन्यांची सरासरी किती. लक्ष हवंच. पण या आजारात माणसं मोठ्या संख्येने दगावतात ती हृदयविकाराने आणि पक्षाघाताने, म्हणजे रक्तवाहिन्या बिघडल्यामुळे. आणि हा बिघाड साखर वाढेपर्यंत थांबून राहत नाही. रिपोर्टमधले सगळे आकडे अजून हद्दीत असतात, तेव्हाच शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालेलं असतं आणि रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर खराब व्हायला लागलेलं असतं. शरीराने इन्सुलिनला अशी दाद न देणं, यालाच इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात.

या काळात अस्तराला सांभाळून घेणारं एक हार्मोन आहे, ॲडिपोनेक्टिन. ते तयार होतं चरबीच्या पेशींत. ज्या चरबीला आपण सगळ्या दुखण्याचं मूळ मानतो, तिच्यातूनच रक्तवाहिन्यांचं रक्षण करणारा पदार्थ रक्तात येतो, ही गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. ती समजली की चरबीबद्दलचा आपला ढोबळ राग थोडा बाजूला पडतो आणि नेमकं काय बिघडतं याकडे बघता येतं.

आधी अस्तराबद्दल

रक्तवाहिनीच्या आत, रक्ताला थेट लागून, पेशींचा एक थर असतो. एकच थर. त्याला एंडोथेलियम म्हणतात. हृदयातून निघणाऱ्या महाधमनीपासून केसाहून बारीक केशवाहिन्यांपर्यंत तो सलग पसरलेला असतो. केशवाहिनीत तर भिंत म्हणून जवळजवळ तेवढाच असतो. हे नुसतं गुळगुळीत आवरण आहे, अशी समजूत बरीच वर्षं होती. १९८० साली अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट यांनी सशाच्या महाधमनीच्या तुकड्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन दिलं की तुकडा सैल पडायचा. पण आतलं अस्तर खरवडून काढलेलं असेल, तर तोच तुकडा त्याच रसायनाने सैल पडण्याऐवजी आकसायचा. म्हणजे भिंतीतल्या स्नायूला ‘सैल हो’ असं सांगणारं काहीतरी अस्तरातून निघत होतं. ते काहीतरी म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा वायू, हे पुढे कळलं आणि १९९८ चं नोबेल पारितोषिक फर्चगॉट, लुईस इग्नारो आणि फेरिद मुराद यांना मिळालं.

नायट्रिक ऑक्साइड शरीरात फार तर काही सेकंद टिकतो. साठवून ठेवता येत नाही, त्यामुळे अस्तराच्या पेशींना तो सतत, लागेल तसा बनवावा लागतो. त्याच्यामुळे रक्तवाहिनी गरजेप्रमाणे रुंदावते, प्लेटलेट्स भिंतीला चिकटत नाहीत, पांढऱ्या पेशी भिंतीत घुसत नाहीत आणि भिंतीतल्या स्नायूपेशी भरमसाट वाढत नाहीत. धमनीत चरबीचा थर धरण्याची जी लांबलचक प्रक्रिया आहे, तिच्या जवळपास प्रत्येक पायरीवर हा वायू आडवा येतो.

तो बनवणाऱ्या एन्झाइमला संशोधक ई-नॉस म्हणतात. हे प्रथिन म्हणजे बाराशेच्या आसपास अमिनो आम्लांची साखळी. माणसाच्या ई-नॉसमध्ये ११७७ व्या जागी सेरीन नावाचं अमिनो आम्ल आहे. त्याला फॉस्फेटचा एक गट जोडला गेला की एन्झाइम जोमाने काम करतं. तो काढून घेतला की मंदावतं. ही ११७७ ची जागा लक्षात ठेवा. या लेखातली बहुतेक भांडणं तिच्यासाठीच आहेत.

इन्सुलिनचा रस्ता, आणि तो कुठे तुंबतो

इन्सुलिनचं काम म्हणजे पेशींत साखर शिरवणं, एवढंच आपण ऐकलेलं असतं. पण जेवणानंतर रक्तात इन्सुलिन वाढतं तेव्हा ते अस्तराच्या पेशींनाही हाक देतं. पेशीच्या पृष्ठभागावर इन्सुलिनचा रिसेप्टर, म्हणजे त्याची हाक ऐकणारं प्रथिन, असतो. तिथून पीआय-३-कायनेज, तिथून एकेटी अशी प्रथिनांची साखळी चालते आणि शेवटी एकेटी त्या ११७७ व्या सेरीनला फॉस्फेट जोडतं. नायट्रिक ऑक्साइड तयार होतो, स्नायूंमधल्या केशवाहिन्यांत रक्त खेळायला लागतं आणि साखर व इन्सुलिन दोन्ही स्नायूंपर्यंत पोचतात. म्हणजे इन्सुलिन स्वतःच्या वाटेतला पहिला अडसर स्वतःच दूर करतं.

त्याच रिसेप्टरपासून दुसराही एक रस्ता फुटतो, मॅप-कायनेज नावाच्या प्रथिनांचा. या रस्त्याने अस्तरातून एंडोथेलिन-१ बाहेर पडतं. १९८८ मध्ये जपानमधल्या मासाशी यानागिसावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलेला हा पदार्थ रक्तवाहिनी जोरात आवळतो. शरीर ठाकठीक असताना सैल करणारा आणि आवळणारा, दोन्ही रस्ते एकमेकांना तोलून धरतात.

आता इन्सुलिन रेझिस्टन्समध्ये काय होतं? सगळे रस्ते सारखे तुंबत नाहीत. पीआय-३-कायनेज आणि एकेटीचा रस्ता तुंबतो, मॅप-कायनेजचा मोकळाच राहतो. मला या सगळ्या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही वाटते. कारण पेशी दाद देत नाहीत म्हणून स्वादुपिंड आणखी इन्सुलिन ओततं, आणि ते जास्तीचं इन्सुलिन त्या उघड्या रस्त्याने धावतं. सैल करणारा वायू कमी आणि आवळणारा पदार्थ जास्त, अशी उलटी स्थिती होते. शिवाय स्नायूंत रक्त कमी खेळल्यामुळे तिथे साखरही कमी पोचते, म्हणजे मूळ दुखणं वाढतं, म्हणजे आणखी इन्सुलिन.

रस्ता तुंबण्याची कारणं बरीच आहेत. रक्तात सुटी फिरणारी जादा फॅटी ॲसिड्स, फुगलेल्या चरबीतून येणारे टीएनएफ-अल्फासारखे दाहकारक पदार्थ, वाढलेली साखर. यातलं एक नाव मुद्दाम वेगळं काढतो: सेरामाइड. हा एक प्रकारचा मेद. पेशीला झेपणार नाही इतकी फॅटी ॲसिड्स आत आली की सेरामाइड वाढतं आणि ते फॉस्फेट काढून टाकणाऱ्या एका एन्झाइमला कामाला लावतं. ते एन्झाइम एकेटीवरचे फॉस्फेट उतरवतं, आणि ई-नॉसपाशी जाऊन तिथलेही उतरवतं. ११७७ ची जागा रिकामी होते.

चरबी बोलते

१९९४ साली जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत चरबीतून येणारं, भूक आवरणारं लेप्टिन हे हार्मोन सापडलं आणि चरबी हे नुसतं कोठार नसून हार्मोन बनवणारं अंग आहे, हे सर्वांना मान्य करावं लागलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेत हार्वे लोडिश यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या फिलिप शेरर यांनी चरबीच्या पेशींतून बाहेर पडणाऱ्या आणखी एका प्रथिनाची नोंद केली. १९९६ मध्ये आणखी काही गटांनी तेच प्रथिन स्वतंत्रपणे शोधलं, त्यात जपानमधल्या ओसाकाचा गटही होता. प्रत्येकाने आपापलं नाव ठेवलं. टिकलं ते ॲडिपोनेक्टिन.

माणसाचं ॲडिपोनेक्टिन २४४ अमिनो आम्लांचं असतं, पण ते एकटं फिरत नाही. तीन-तीन रेणू एकत्र गुंफले जातात, मग सहा-सहा, आणि मग बारा ते अठरा रेणूंचे मोठे गट. इन्सुलिनला दाद देण्याशी या मोठ्या गटांचा संबंध सर्वांत घट्ट दिसतो. रक्तातलं त्याचं प्रमाण ऐकून पहिल्यांदा विश्वास बसत नाही. दर मिलिलिटरला साधारण ३ ते ३० मायक्रोग्रॅम. लेप्टिन नॅनोग्रॅममध्ये मोजतात, म्हणजे हजारपटींचा फरक. हार्मोन इतक्या मुबलक प्रमाणात असणं ही फारच वेगळी गोष्ट आहे.

त्याहून वेगळी गोष्ट १९९९ मध्ये ओसाकाच्या गटाने मांडली. लठ्ठ माणसांच्या रक्तात ॲडिपोनेक्टिन कमी असतं. चरबी जास्त, तर चरबीचं हार्मोनही जास्त, हा हिशेब इथे लागू पडत नाही. चरबीची पेशी फुगत जाते तसा तिला प्राणवायू अपुरा पडतो, आजूबाजूला दाह करणाऱ्या पेशी जमतात, टीएनएफ-अल्फा वाढतं आणि ॲडिपोनेक्टिनचं उत्पादन दबतं. उलट टोकालाही तेच. लायपोडिस्ट्रॉफी नावाच्या दुर्मिळ आजारात शरीरात चरबी धरतच नाही. त्यातल्या बऱ्याच रुग्णांत ॲडिपोनेक्टिन अगदी कमी असतं आणि इन्सुलिन रेझिस्टन्स तीव्र असतो. म्हणजे ॲडिपोनेक्टिन चरबी किती आहे ते सांगत नाही, ती कशा अवस्थेत आहे ते सांगतं.

अस्तराच्या पेशीत ते काय करतं

२००३ मध्ये टोकियोत ताकाशी कादोवाकी यांच्या गटाने ॲडिपोनेक्टिनचे दोन रिसेप्टर शोधले. ॲडिपोआर-१ आणि ॲडिपोआर-२ अशी त्यांची नावं. पेशीच्या आवरणातून सात वेळा आरपार जाणारी ही प्रथिनं आहेत, पण तशाच घडणीच्या नेहमीच्या रिसेप्टरांच्या तुलनेत उलटी बसवलेली. त्यांचं सुरुवातीचं टोक पेशीच्या आत असतं. २००४ मध्ये टी-कॅडहेरिन हे तिसरं प्रथिन सापडलं. अस्तरावर ते भरपूर असतं आणि ॲडिपोनेक्टिनचे मोठे गट तिथे धरून ठेवतं. ज्या उंदरांत टी-कॅडहेरिन नसतं, त्यांच्या रक्तात ॲडिपोनेक्टिन साचतं, कारण ते भिंतीला लागतच नाही.

रिसेप्टरला ॲडिपोनेक्टिन चिकटलं की आत एपीपीएल-१ नावाचं जोडप्रथिन पुढे येतं आणि एएमपी-कायनेज जागं होतं. हे एन्झाइम खरं तर पेशीतल्या ऊर्जेचा हिशेब ठेवतं. ऊर्जा कमी पडली की चालू होणं हा त्याचा मूळ धर्म. अस्तरात ते आणखी एक काम करतं: ई-नॉसला फॉस्फेट जोडतं. कुठे? त्याच ११७७ व्या सेरीनला.

इथे थोडं थांबू या. मुख्य रस्ता तुंबला असला तरी गाडी वळसा घालून त्याच दारात उभी राहते, तसं हे आहे. इन्सुलिन एकेटीमार्फत जिथे पोचायचं, तिथे ॲडिपोनेक्टिन एएमपी-कायनेजमार्फत पोचतं. गायीच्या महाधमनीतल्या अस्तरपेशींवर २००३ मध्ये झालेल्या प्रयोगांत हे फार स्वच्छ दिसलं. एकेटी निकामी केलं तरी ॲडिपोनेक्टिनचा परिणाम टिकला; एएमपी-कायनेज निकामी केल्यावर गेला. गायीच्या ई-नॉसमध्ये हीच जागा ११७९ वी येते, एवढाच फरक. मात्र दोन्ही रस्ते संपूर्ण अलग आहेत असं मानू नये. पीआय-३-कायनेज बंद केलं तर ॲडिपोनेक्टिनचाही परिणाम उतरला, म्हणजे वाटेतलं एखादं वळण दोघांना सामाईक आहे.

वळसा घालण्यावर ॲडिपोनेक्टिन थांबत नाही, तुंबलेला मुख्य रस्ता साफ करायलाही हात लावतं. २०११ मध्ये विल्यम हॉलंड, शेरर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ॲडिपोनेक्टिनच्या रिसेप्टरांसोबत सेरामाइड फोडण्याची क्रियाही चालू होते. सेरामाइड फुटून स्फिंगोसीन तयार होतं, आणि त्यापासून पुढे बनणारा स्फिंगोसीन-१-फॉस्फेट हा पदार्थ पेशीला मरण्यापासून वाचवतो. एकाच झटक्यात अपाय करणारा मेद कमी आणि उपकारक मेद जास्त. सेरामाइड घटलं की फॉस्फेट उतरवणारं एन्झाइम शांत होतं, आणि इन्सुलिनच्या हाकेला अस्तर पुन्हा ओ द्यायला लागतं. एएमपी-कायनेजच्या गोष्टीहून हा भाग मला जास्त मोलाचा वाटतो, कारण त्यात बिघाडाच्या मुळाशी जाऊन काम होतं.

दाहाच्या बाजूलाही त्याचा उपयोग आहे. टीएनएफ-अल्फाच्या प्रभावाखाली अस्तराच्या पेशी आपल्या पृष्ठभागावर चिकट रेणू उभे करतात. रक्तातले मोनोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) त्यांना अडकतात, भिंतीत शिरतात, तिथलं कोलेस्टेरॉल गिळून फुगतात आणि धमनीतल्या थराची सुरुवात होते. माणसाच्या महाधमनीच्या अस्तरपेशींना आधी ॲडिपोनेक्टिन दिलं, तर टीएनएफ-अल्फा येऊनही हे चिकट रेणू कमी उगवतात आणि मोनोसाइट कमी चिकटतात, हे ओसाकाच्या गटाने १९९९ मध्येच दाखवलं होतं. पेशीत दाहाची जनुकं चालू करणारी एनएफ-कप्पा-बी नावाची यंत्रणा त्यामुळे दबते.

साखर वाढलेली असताना अस्तरात ऑक्सिजनचे हानिकारक रेणू तयार होतात, त्यांनाही ॲडिपोनेक्टिन आवर घालतं. हे रेणू नायट्रिक ऑक्साइडला तयार झाल्या झाल्या खाऊन टाकतात. इतकंच नाही, ते फार वाढले तर ई-नॉस बिघडून नायट्रिक ऑक्साइडऐवजी असेच हानिकारक रेणू बनवायला लागतं. म्हणजे एन्झाइम चालू आहे, पण उलटं. ११७७ व्या जागी फॉस्फेट असून भागत नाही, पेशीतलं वातावरणही धड असावं लागतं.

उंदीर काय सांगतात, माणसं काय सांगतात

ॲडिपोनेक्टिनचं जनुक काढून टाकलेले उंदीर २००२ मध्ये तयार झाले. त्यांच्या धमनीला इजा केली की भिंत नेहमीपेक्षा जास्त जाड होऊन भरून यायची. त्याच वर्षी, धमन्यांत थर धरण्याची जन्मजात प्रवृत्ती असलेल्या उंदरांना जादा ॲडिपोनेक्टिन मिळेल अशी सोय केली, तेव्हा थर कमी धरला.

माझ्या मते सर्वांत बोलका प्रयोग शेरर यांच्या गटाचा, २००७ चा. लेप्टिन नसल्यामुळे खात सुटणाऱ्या उंदरांत त्यांनी ॲडिपोनेक्टिन वाढवलं. उंदीर बारीक झाले का? नाही, आणखी लठ्ठ झाले, कमालीचे लठ्ठ. पण त्यांची साखर सुधारली आणि यकृतात साठलेली चरबी घटली. चरबी गेली होती त्वचेखाली, तिच्या हक्काच्या जागी, आणि तिथल्या पेशीही लहान लहान होत्या. चरबी कुठे आहे आणि तिच्या पेशी कितपत फुगल्यात, याला वजनाच्या आकड्याइतकंच महत्त्व आहे, हे या एका प्रयोगातून जितकं स्पष्ट दिसतं तितकं क्वचितच कशातून दिसतं.

माणसांत चित्र इतकं सरळ नाही आणि ते तसंच मांडायला हवं. अमेरिकेतल्या अठरा हजारांहून अधिक पुरुषांच्या पाहणीवरून २००४ मध्ये आढळलं की ज्यांच्या रक्तात ॲडिपोनेक्टिन जास्त, त्यांच्यात पुढे हृदयविकाराचा झटका कमी. पण ज्यांचं हृदय आधीच दुबळं झालंय, अशा रुग्णांत उलट दिसतं: ॲडिपोनेक्टिन जास्त असलेल्यांत मृत्यूही जास्त. शरीर खंगायला लागलं की ते वाढतं, मूत्रपिंड निकामी झालं तरी वाढतं. शिवाय जन्मतःच जास्त ॲडिपोनेक्टिन देणारी जनुकं ज्यांच्यात आहेत, त्यांना हृदयविकारापासून ठोस संरक्षण मिळतं असं जनुकीय अभ्यासांत दिसलेलं नाही. स्त्रियांमध्ये ते पुरुषांपेक्षा जास्तच असतं, आणि त्यात टेस्टोस्टेरॉनचा हात आहे.

म्हणून रक्तातला ॲडिपोनेक्टिनचा आकडा एकटा धरून त्यावरून कुणाचं भविष्य सांगू नये. डॉक्टरही ही तपासणी नेहमीच्या यादीत ठेवत नाहीत. पेशीच्या पातळीवर ते काय करतं याचा पुरावा भक्कम आहे. रक्तातलं प्रमाण मात्र एकाच वेळी चरबीची तब्येत, मूत्रपिंड, हृदय, वय अशा अनेक गोष्टींनी हलतं. ‘ॲडिपोनेक्टिन वाढवा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या-पावडरींवर पैसे घालवू नका, असं मी कळकळीने सांगेन.

मग वाढवायचं कसं?

थेट टोचायचं म्हटलं तर अडचण मोठी आहे. मोठ्या गटांची अचूक गुंफण कारखान्यात जमवणं कठीण, आणि रक्तातलं प्रमाणच एवढं की औषध म्हणून लागणारी मात्राही तशीच अवाढव्य. कादोवाकींच्या गटाने २०१३ मध्ये ॲडिपोरॉन नावाचा छोटा रेणू प्रसिद्ध केला. तो तोंडाने देता येतो आणि दोन्ही रिसेप्टर चालू करतो. उंदरांत त्याने इन्सुलिन रेझिस्टन्स कमी केला.

मधुमेहाच्या जुन्या औषधांपैकी पायोग्लिटाझोन ॲडिपोनेक्टिन चांगलं वाढवतं. ते चरबीच्या पेशींतल्या पीपीएआर-गॅमा या प्रथिनावर काम करतं आणि त्वचेखाली नव्या, लहान चरबीपेशी तयार व्हायला मदत करतं. शेररांच्या लठ्ठ पण ठणठणीत उंदरांची आठवण व्हावी असंच. पण वजन वाढणं, अंगावर सूज, हृदय दुबळं असेल तर त्याचा त्रास वाढणं, हाडं मोडण्याचा धोका हे सगळं त्याच्यासोबत येतं. ते कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही, हे डॉक्टरांनीच ठरवायचं.

वजन चांगलं घटलं की ॲडिपोनेक्टिन वाढतं, विशेषतः पोटातली, आतड्यांभोवतीची चरबी उतरली की. थोड्याशा घटीने फारसा फरक पडत नाही.

व्यायामाबद्दल लोक विचारतात. नुसत्या व्यायामाने, वजन न घटता, रक्तातलं ॲडिपोनेक्टिन वाढतंच असं नाही. अभ्यासांचे निकाल दोन्हीकडचे आहेत. पण व्यायामात हृदय जोरात चालतं, रक्त वेगाने वाहतं आणि अस्तराच्या पेशींवर त्याचं घर्षण वाढतं. हे घर्षण त्या पेशींना थेट जाणवतं, आणि त्याला उत्तर म्हणून त्या ई-नॉसच्या ११७७ व्या सेरीनला फॉस्फेट जोडतात. त्यासाठी इन्सुलिनची हाक लागत नाही, ॲडिपोनेक्टिनचीही नाही. त्यामुळे ज्यांचं ॲडिपोनेक्टिन कमी आहे आणि वजन अजून हललेलं नाही, त्यांच्या रक्तवाहिन्यांनाही चालण्याचा फायदा पहिल्या दिवसापासून मिळू शकतो.